विश्लेषण : पाणीपुरवठ्याचे ‘डिजिटल ट्विन’ एकमेकांशी बोलणार कसे?

धरणापासून घरातल्या नळापर्यंतच्या सगळ्या व्यवस्थेची संगणकात जिवंत प्रतिकृती तयार करायची, म्हणजे गळती कुठे आहे, दाब कुठे कमी पडतो, उद्या पाणी किती लागेल, हे आधीच कळेल. ‘डिजिटल ट्विन’ या नावाने ही कल्पना जगभरातील पाणीपुरवठा संस्थांनी उचलली आहे आणि आपल्याकडच्या योजनांच्या सादरीकरणांतही हा शब्द रुळू लागला आहे. मात्र प्रत्येक शहराने, प्रत्येक कंत्राटदाराने आपापल्या पद्धतीने माहिती साठवली, तर या प्रतिकृती एकमेकींना परक्याच राहतील. ट्विनवर खर्च करण्याआधी माहितीची सामाईक मानके ठरवणे का गरजेचे आहे, याविषयी…

डिजिटल ट्विन म्हणजे नेमके काय?

एखाद्या खऱ्या वस्तूची किंवा यंत्रणेची संगणकातील अशी प्रतिकृती, जिला खऱ्या यंत्रणेकडून सतत ताजी माहिती मिळत राहते. साधा नकाशा किंवा आराखडा एकदा काढला की तसाच राहतो. ट्विनचे तसे नसते. जलवाहिनीवरील प्रवाहमापक, टाकीतील पातळीमापक, पंपाचा वीजवापर, ग्राहकांचे मीटर यांचे आकडे दर काही मिनिटांनी त्यात येतात आणि प्रतिकृती त्यानुसार बदलते. त्यामुळे ‘हा व्हॉल्व्ह बंद केला तर कोणत्या वस्तीचे पाणी तुटेल?’ किंवा ‘अमुक पंप रात्री चालवला तर वीज किती वाचेल?’ असे प्रश्न आधी संगणकात तपासता येतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी असा ट्विन वापरात आहे. सिंगापूरच्या ‘पब’ या सरकारी जलसंस्थेनेही हा मार्ग धरला आहे.

या तंत्राचा गाभा नवा नाही. जलवाहिन्यांच्या जाळ्यातील दाब आणि प्रवाह यांचे गणित करणारी ‘ईपानेट’ ही संगणक प्रणाली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये आणली आणि ती मोफत उपलब्ध आहे. नवे आहे ते या गणिताला प्रत्यक्ष मापकांची जोड देणे. अडचणीची सुरुवातही तिथेच होते.

अडचण नेमकी कुठे येते?

गणित चुकते म्हणून नव्हे, तर आकड्यांचा अर्थ जुळत नाही म्हणून. महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा साठा २९.१५ टीएमसी म्हणून सांगितला जातो. जलसंपदा विभागाच्या कागदांत तोच दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे ‘दलघमी’त असतो. मुंबईच्या सात तलावांची एकूण क्षमता मात्र १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर अशी दिली जाते. ती टीएमसीत मांडली तर सुमारे ५१ भरते. धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजायचे की क्युमेकमध्ये, यावर आकडा ३५ पटींनी बदलतो. माणूस संदर्भावरून अर्थ लावतो. संगणक तसे करत नाही. त्याला ‘१२००’ एवढाच आकडा दिला आणि एकक दिले नाही, तर तो समोर असलेले एकक खरे मानून पुढचे गणित मांडतो.

वेळेचा गोंधळ तर लक्षातही येत नाही. गळती शोधण्याची जगन्मान्य पद्धत म्हणजे मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यानचा प्रवाह पाहणे. चोवीस तास पाणी असलेल्या भागात तेव्हा लोक झोपलेले असतात, वापर जवळपास नसतो. तरीही पाणी वाहत असेल तर त्यातले बरेचसे गळतीचे. आता समजा, मापक जागतिक वेळेनुसार नोंद ठेवतो आणि महापालिकेची प्रणाली ती भारतीय वेळ समजते. दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे. म्हणजे मापकावरचे ‘पहाटेचे दोन’ हे प्रत्यक्षात सकाळचे साडेसात, जेव्हा घरोघरी नळ सुरू असतात. ट्विनला तो रात्रीचा प्रवाह वाटेल, प्रचंड गळतीचा इशारा मिळेल आणि कर्मचारी नसलेली गळती शोधत रस्ते खोदत बसतील.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. मापक बंद पडला तर काही उपकरणे ‘०’ लिहितात, काही जागा कोरी सोडतात, काही ‘उणे ९९९’ असा खुणेचा आकडा ठेवतात. टाकीतले पाणी शून्य आणि मापक नादुरुस्त, या दोन्ही गोष्टी ‘०’ या एकाच अंकाने सांगितल्या तर पंप उगाच सुरू होईल आणि भरलेली टाकी वाहू लागेल.

‘शून्य’ कुठून मोजायचे?

उंचीचे उदाहरण याहून बोलके आहे. देशभरात पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबई महापालिकेत मात्र ब्रिटिश काळापासून ‘टाऊन हॉल डेटम’ हा वेगळा आधार चालत आला आहे. तलावांच्या पातळ्या त्यानुसार दिल्या जातात. या दोन ‘शून्यां’मध्ये वीस मीटरहून अधिक अंतर आहे. महापालिकेतील अभियंत्याला ते पाठ असते. पण मुंबईच्या सात तलावांपैकी भातसा आणि अप्पर वैतरणा हे राज्य सरकारच्या ताब्यात आहेत, तर मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी महापालिकेचे. एकाच शहराचे पाणी दोन यंत्रणांच्या नोंदींतून येते. उद्या या सगळ्याचा एक ट्विन करायचा, तर कोणता आकडा कोणत्या शून्यावरून मोजला आहे हे प्रत्येक नोंदीत लिहिलेले असायला हवे.

अशा फरकाची किंमत युरोपने मोजली आहे. ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधताना दोन्ही देशांच्या समुद्रसपाटीत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे अभियंत्यांना ठाऊक होते. जर्मनी उत्तर समुद्राचा आधार घेते, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राचा. हा फरक हिशेबात धरलाही गेला, पण उलट चिन्हाने. परिणामी दोन बाजूंमध्ये ५४ सेंटिमीटरचे अंतर पडले आणि एक बाजू दुरुस्त करावी लागली. इथे दोन्ही देशांचे अभियंते हुशार होते, दोघांकडे अचूक मोजमापे होती. त्या मोजमापांचा आधार सांगणारी नोंद मात्र माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली होती.

ब्रिटनमध्ये काय घडले?

या विषयात ब्रिटनचा अनुभव सर्वाधिक उपयोगी आहे. तिथल्या राष्ट्रीय पायाभूत सुविधा आयोगाने २०१७ मध्ये ‘डेटा फॉर द पब्लिक गुड’ हा अहवाल दिला आणि राष्ट्रीय डिजिटल ट्विनची कल्पना मांडली. त्यानंतर २०१८ मध्ये केंब्रिज येथील ‘सेंटर फॉर डिजिटल बिल्ट ब्रिटन’ने ‘जेमिनी तत्त्वे’ या नावाने नऊ तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतली मूळ कल्पना अशी की, सगळ्या देशाचा एकच अवाढव्य ट्विन बांधायचा नाही. प्रत्येक संस्थेने आपला ट्विन स्वतः बांधावा, मात्र ते एकमेकांशी जोडता येतील अशी माहितीची भाषा ठेवावी. ट्विन लोकहिताचा असावा आणि त्यावर विश्वास ठेवता यावा, ही अटही त्यात होती.

हे प्रत्यक्षात जमते का, हे पाहण्यासाठी २०२१ मध्ये ‘क्रेडो’ हा प्रकल्प सुरू झाला. अँग्लियन वॉटर ही पाणी कंपनी, बीटी ही दूरसंचार कंपनी आणि यूके पॉवर नेटवर्क्स ही वीजवितरण कंपनी अशा तिघांना त्यात एकत्र आणले गेले. प्रश्न साधा होता. पूर्व इंग्लंडमध्ये पूर आला तर कशामुळे काय बंद पडेल? विजेचे उपकेंद्र पाण्याखाली गेले की पंपिंग स्टेशन थांबते, दूरध्वनी केंद्र बंद पडले की दूरवरच्या यंत्रांशी संपर्क तुटतो. प्रत्येक कंपनीला आपापल्या मालमत्तेची जोखीम माहीत होती. दुसऱ्याच्या बिघाडाने आपले काय होईल, हे मात्र तिघांची माहिती एका चौकटीत आल्याशिवाय दिसत नव्हते. तशी चौकट उभारायची म्हणजे कोणाची कोणती माहिती, कोणत्या अटीवर, कोणत्या स्वरूपात द्यायची, हे आधी ठरवावे लागले.

सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हेच अनुभवले. पूर येतो तेव्हा वीज, पाणी, फोन ही तीन खाती वेगळी राहत नाहीत. जॅकवेल बुडाली की शहराला पाणी नाही आणि उपकेंद्र बुडाले की जॅकवेल सुरक्षित असूनही पंप चालत नाही. सभोवती पाणीच पाणी आणि प्यायला टँकर, अशी वेळ त्यातूनच येते.

व्याख्या ठरवण्याने एवढा फरक पडतो का?

पडतो, कारण व्याख्या एक नसेल तर तुलना होत नाही आणि तुलना नसेल तर जाब विचारता येत नाही. इंग्लंडमध्ये मुसळधार पावसात गटारवाहिन्यांतील मैलायुक्त पाणी नदी-समुद्रात सोडणारी १४ हजारांहून अधिक ठिकाणे आहेत. २०२३ अखेर या सर्व ठिकाणी मापक बसवण्यात आले. पण एक ‘गळती’ म्हणजे काय? दहा मिनिटे सोडलेले पाणी एकदा मोजायचे आणि सलग तीन दिवस सोडलेलेही एकदाच? तिथल्या नियमानुसार पहिल्या १२ तासांपर्यंतचा विसर्ग एक मोजतात आणि त्यापुढच्या प्रत्येक २४ तासांच्या गटाला आणखी एक. सर्व कंपन्यांना हीच मोजणी बंधनकारक आहे. म्हणूनच कोणती कंपनी किती घाण सोडते, याची यादी दरवर्षी लावता येते. २०२३ मध्ये असा विसर्ग एकूण ३६ लाख तासांहून अधिक काळ झाला, हे याच मोजणीतून पुढे आले आणि तो निवडणुकीचा मुद्दा बनला.

पुढे पर्यावरण कायदा, २०२१ ने विसर्ग सुरू झाल्यापासून तासाभरात माहिती जाहीर करण्याचे बंधन घातले. आधी प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा होता. २०२४ च्या अखेरीस सर्व कंपन्यांची माहिती एका राष्ट्रीय नकाशावर आली. त्यामागे ‘स्ट्रीम’ हा पाणी कंपन्यांचा सामाईक माहिती उपक्रम होता, ज्याला ‘ऑफवॉट’ या नियामकाच्या नवोन्मेष निधीतून पैसा मिळाला. एकसारख्या नोंदींमुळे नद्या स्वच्छ झाल्या, असे कोणी म्हणू नये. २०२४ मध्येही विसर्गाचे तास ३६ लाखांवरच राहिले. मात्र ‘आकडे चुकीचे आहेत’ ही पळवाट बंद झाली.

आपल्याकडेही व्याख्येचा हा प्रश्न आहे. जलजीवन मिशनमध्ये ‘कार्यरत नळजोडणी’ म्हणजे माणशी दररोज किमान ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे आणि नियमित पाणी. व्याख्या चांगली आहे. पण गावाच्या नोंदीत नळ बसवल्याची तारीख असेल आणि आज त्यातून किती पाणी आले याची नोंद नसेल, तर कागदावर १०० टक्के जोडण्या आणि गावात टँकर, असे दोन्ही एकाच वेळी खरे ठरते.

ऑस्ट्रेलियाचा धडा कोणता?

तिथे या शतकाच्या पहिल्या दशकात दीर्घ दुष्काळ पडला. मरे-डार्लिंग खोऱ्यातील राज्ये पाण्याच्या वाटपावरून भांडत होती आणि देशात एकूण पाणी किती आहे, याचा एकसंध हिशेब कोणाकडेच नव्हता. सरकारने २००७ मध्ये जल कायदा केला. हवामान विभागाला पाण्याच्या माहितीचे काम दिले आणि २००८ च्या नियमांनी २०० हून अधिक संस्थांना आपली माहिती देणे बंधनकारक केले. प्रत्येकजण वेगळ्या स्वरूपात माहिती पाठवू लागल्यावर हवामान विभाग आणि ‘सीएसआयआरओ’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने मिळून एक सामाईक स्वरूप तयार केले. राज्यांच्या जुन्या मापन यंत्रणा सुधारण्यासाठी केंद्राने निधीही दिला. अशा अनुभवांतूनच पुढे ‘वॉटर-एमएल २’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, ज्याला २०१२ मध्ये ‘ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम’ या मानक संस्थेने मान्यता दिली.

या अनुभवातून तीन गोष्टी निघतात. माहिती देण्याचे कायदेशीर बंधन, ती कशी द्यायची याचे एकच स्वरूप आणि ते जमावे म्हणून पैसा. यांतली एकही वगळली तर उरलेल्या दोन लंगड्या पडतात. नुसते बंधन घातले तर संस्था कसेतरी आकडे पाठवून मोकळ्या होतात. नुसते मानक छापले तर ते कपाटात राहते. आणि नुसता पैसा दिला तर प्रत्येकजण आपापली वेगळी प्रणाली विकत घेतो.

भारतात काय स्थिती आहे?

सुरुवात झालेली आहे, हे मान्य करायला हवे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून नद्या-धरणांवर स्वयंचलित मापक बसले. राष्ट्रीय जलमाहिती केंद्र स्थापन झाले आणि ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या पोर्टलवर देशभरातील माहिती एकत्र दिसू लागली. शहरांच्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागातून ‘इंडिया अर्बन डेटा एक्स्चेंज’ उभे राहिले. भारतीय मानक ब्युरोने पाणीपुरवठा व्यवस्थापनासाठी आयएस १७४८२ हे मानक २०२० मध्ये आणले. जमिनीखालच्या वाहिन्या खोदकामात तुटू नयेत म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आले. ब्रिटनमध्ये असे अपघात वर्षाला सुमारे ६० हजार होतात आणि २.४ अब्ज पौंडांचे नुकसान होते, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे. म्हणून तिथे भूमिगत वाहिन्यांची राष्ट्रीय नोंदवही तयार केली जात आहे.

तरीही नळापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात पोकळी दिसते. विजेशी तुलना केली तर ती स्पष्ट होते. वीज मीटरने माहिती कोणत्या भाषेत द्यायची, याचे आयएस १५९५९ हे भारतीय मानक आहे. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर एकाच प्रणालीला वाचता येतात. स्मार्ट वीज मीटरच्या सक्तीवरून आणि बिलांवरून राज्यात वाद झाले, तो प्रश्न वेगळा. पाण्याच्या घरगुती मीटरसाठी आयएस ७७९ आहे, पण त्याचा भर मीटरची बांधणी आणि अचूकता यांवर आहे. मीटरने आपला आकडा पुढच्या संगणकाला कसा सांगायचा, हे सहसा पुरवठादार ठरवतो.

पुण्याची समान पाणीपुरवठा योजना याच दृष्टीने पाहायला हवी. शहराचे १४१ विभाग पाडून प्रत्येक विभागात येणारे आणि ग्राहकांपर्यंत पोहोचणारे पाणी मोजायचे, लाखो घरांना दूरवरून वाचता येणारे मीटर बसवायचे, अशी ती योजना. मुदती अनेकदा उलटल्या, तरी कल्पना रास्त आहे. महापालिकेच्याच अंदाजानुसार शहरातील गळती ४० टक्क्यांच्या घरात असताना केंद्राने घालून दिलेली मर्यादा २० टक्के आहे. पण विभागाचा प्रवाहमापक एका भाषेत, घरांचे मीटर दुसऱ्या भाषेत आणि जलवाहिन्यांचा नकाशा तिसऱ्या भाषेत बोलू लागला, तर आलेले पाणी वजा पोहोचलेले पाणी ही साधी वजाबाकीसुद्धा माणसाला हाताने करावी लागेल.

मानकांना विरोध कोणाचा आणि का?

उघड विरोध कोणी करत नाही. मात्र बंद स्वरूपातील माहिती हा पुरवठादारासाठी हक्काचा धंदा असतो. पाच-दहा वर्षांच्या देखभालीचे कंत्राट संपते, तेव्हा महापालिकेकडे मापक असतात, पण त्यांची जुनी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर आणि कंपनीलाच वाचता येईल अशा स्वरूपात असते. नवा पुरवठादार आणायचा तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. मग त्याच कंपनीला मुदतवाढ देणे स्वस्त वाटू लागते. यात गैरव्यवहार असायलाच हवा असे नाही. निविदेत चार ओळी लिहायच्या राहिल्या, एवढे कारण पुरते.

दुसरा आक्षेप प्रामाणिक आहे. मानके ठरवली की नवे प्रयोग खुंटतात, असे काही तंत्रज्ञ म्हणतात. अनुभव उलट सांगतो. ईपानेटच्या साध्या मजकुरी फाइलचे स्वरूप सर्वांना खुले असल्याने जगभरातील खासगी प्रणाली ती वाचतात आणि त्यावरच नवनवी साधने उभी राहिली. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याची भाषा एक आहे, ॲप मात्र अनेक. ग्राहक एका ॲपवरून दुसऱ्यावर सहज जातो, म्हणूनच कंपन्यांत स्पर्धा टिकते. मानक फक्त आकडा कसा लिहायचा हे सांगते, त्या आकड्यातून काय शोधायचे ते सांगत नाही.

तिसरा आक्षेप असा की, आपल्याकडे पाणीच दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा येते, तिथे ट्विनचे काय कौतुक? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मापक नसलेल्या शहराचा ट्विन म्हणजे केवळ रंगीत चित्र. आजही अनेक गावांत कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचे, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, जुनी बिडाची लाइन कुठून वळते, हे चावीवाल्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की ती माहितीही घरी जाते. पण मानकांची गरज इथेच सर्वाधिक आहे. व्हॉल्व्हला क्रमांक देणे, पाइपचा व्यास इंचात की मिलिमीटरमध्ये ते लिहिणे, तो कोणत्या वर्षी टाकला याची नोंद ठेवणे, यासाठी महागडा ट्विन लागत नाही. वही आणि मोबाइल पुरतो. उद्या ट्विन आला तर या नोंदी त्याला लागतीलच, आणि आला नाही तरी गाव त्यांवर चालेल.

माहिती खुली झाली तर सुरक्षेचे काय?

पाणीपुरवठा ही संवेदनशील व्यवस्था आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अलिक्विपा येथील जलसंस्थेच्या नियंत्रण उपकरणात हॅकर घुसले होते. कर्मचाऱ्यांनी ते केंद्र हाताने चालवून पुरवठा सुरू ठेवला. इंटरनेटवर उघडे राहिलेले उपकरण आणि दुबळा पासवर्ड, ही त्यामागची कारणे पुढे आली. या घटनेचा सामाईक मानकांशी संबंध नव्हता. इथे दोन गोष्टींत गल्लत होते. माहिती सामाईक स्वरूपात ठेवणे वेगळे आणि ती सर्वांना उघड करणे वेगळे. ‘क्रेडो’मध्येही तिन्ही कंपन्यांची खरी माहिती मर्यादित लोकांपुरतीच ठेवली गेली. लोकांना दाखवायच्या नमुन्यात कृत्रिम माहिती वापरली गेली. टाकीतील पातळी, विभागाला मिळालेले पाणी, पाण्याची गुणवत्ता हे नागरिकांना दिसायला हवे. व्हॉल्व्हची नेमकी जागा आणि पंपाचे नियंत्रण दिसायला नको. कोणती माहिती कोणाला, हा भेदसुद्धा मानकाचाच भाग असला पाहिजे.

महाराष्ट्राने काय करावे?

नवे मानक शोधण्याची गरज नाही. आहेत त्यांतून निवड करून ती बंधनकारक करायची आहे. २९ महापालिका, शेकडो नगरपालिका आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती असलेल्या राज्यात हे प्रत्येकाने आपापले ठरवावे असे म्हणणे म्हणजे ते होऊ न देणे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि जलसंपदा विभाग यांनी मिळून किमान पाच नियम ठरवावेत. एक, प्रत्येक टाकी, पंप, व्हॉल्व्ह आणि मापकाला राज्यभरात एकमेव असा, कंत्राटदार बदलला तरी न बदलणारा क्रमांक. दोन, प्रत्येक आकड्यासोबत एकक, उंचीचा आधार आणि भारतीय प्रमाणवेळ. तीन, आकडा प्रत्यक्ष मोजलेला, अंदाजित की नादुरुस्त मापकाचा, हे सांगणारी खूण. चार, माहितीची मालकी स्थानिक संस्थेची आणि कंत्राट संपताना ती खुल्या स्वरूपात परत देण्याची अट. पाच, ही अट नसलेल्या कोणत्याही पाणी योजनेला राज्याचा निधी नाही.

पाचवा नियम नसेल तर पहिले चार कागदावर राहतील. ऑस्ट्रेलियात कायद्याने आणि ब्रिटनमध्ये नियामकाच्या दबावाने जे झाले, ते इथे निधीच्या अटीनेच होईल. लहान नगरपालिकांकडे यासाठी माणसे नाहीत, हे खरे आहे. त्यांना सल्लागाराचे जाडजूड अहवाल देण्यापेक्षा एक तयार नमुना तक्ता आणि तो भरायला शिकवणारे तालुका पातळीवरचे प्रशिक्षण द्यावे. त्याचा खर्च एका मोठ्या ट्विनच्या तुलनेत किरकोळ असेल.

या नियमांचा उपयोग शहरापुरता नाही. आलमट्टी धरणाची पूर्ण पातळी सध्या ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची कर्नाटकची योजना आहे. त्यावरून दोन राज्यांत वाद आहे. दर पावसाळ्यात कोणत्या वेळी किती विसर्ग होता, राजापूर बंधाऱ्यावर पाणी किती होते, यावर चर्चा झडते. सामाईक मानकांनी हा वाद मिटणार नाही, कारण तो हिताचा वाद आहे. मात्र एकाच वेळेचे, एकाच एककातले, एकाच शून्यावरून मोजलेले आकडे दोन्ही बाजूंच्या टेबलावर असतील, तर भांडण निदान आकड्यांवरून होणार नाही आणि सांगलीच्या पूररेषेतील कुटुंबाला घर कधी सोडायचे, हे काही तास आधी सांगता येईल.

डिजिटल ट्विनच्या सादरीकरणांत त्रिमिती चित्रे असतात, फिरणारे पंप असतात, निळ्या रंगात वाहणारे पाणी असते. ते पाहून निर्णय घेणाऱ्या स्थायी समितीने आणि पालिका प्रशासकांनी विक्रेत्याला एवढेच विचारावे, ‘पाच वर्षांनी तुम्ही गेलात तर ही माहिती आमच्याकडे राहील का आणि दुसऱ्या कोणाला ती वाचता येईल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ते करारात लिहून घ्यावे. ते लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर सादरीकरण तिथेच थांबवावे.